एका अर्जासाठी पाच दिवस: ठाणे, कल्याण आणि आंबिवलीची ती खोली

या ब्लॉगवर मी एरवी घाट, किल्ले आणि कुठल्या फाट्यावर चहा बरा मिळतो याबद्दल लिहिते. त्यामुळे डिसेंबरात मी बॅग भरायला घेतली तेव्हा आईने विचारलं, "आता कुठला गड?" मी म्हटलं, "वागळे इस्टेट." ती म्हणाली, "तिथं बघण्यासारखं काय आहे?"

काही नाही. मी अर्ज करायला निघाले होते.

नव्या वाचकांसाठी सांगते, मी कराडच्या एका छोट्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवते, तासिका तत्त्वावर. वय एक्केचाळीस. दर हिवाळ्यात आपल्या गावोगावी तिबेटी लोक स्वेटर विकायला येतात ना, त्यांच्यावर अभ्यास करायचं माझ्या मनात दोन वर्षं होतं. चार महिने परक्या शहरात ही माणसं राहतात कुठे, त्यांना खोली कोण देतं, हे मला जाणून घ्यायचं होतं. स्थलांतर आणि निर्वासितांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्यांना छोटं अनुदान देणारी एक संस्था ठाण्यात आहे. माझा अर्ज पहिल्या चाळणीतून पुढे गेला. शुक्रवारी अर्जदारांची बैठक, आणि सोमवारी संध्याकाळपर्यंत अंतिम अर्ज. त्याला एक अट: ज्यांचा अभ्यास करणार, त्यांचं संमतीपत्र जोडायचं. अनुदान मिळालं तर एक सत्र तासिका सोडून नुसतं हेच काम करता येणार होतं. अशी संधी मला आजवर कधी मिळालेली नव्हती.

गुरुवार. कराडहून सकाळी सहाची एसटी धरली. डोंबिवलीला जायचं असेल तर ठाण्यापर्यंत जाऊ नका. कळंबोलीला उतरा आणि शिळफाट्यावरून कल्याणकडे जाणारी बस घ्या. शिळफाट्याला गाडी अडकते, पाऊण तास तरी हाताशी ठेवा. माझी मावसबहीण नीता डोंबिवली पूर्वेला राहते, नोकरी कल्याणला. तिच्याकडेच मुक्काम होता. तिच्या गल्लीत चार पोळीभाजी केंद्रं आहेत आणि प्रत्येकाची गिऱ्हाइकं ठरलेली. आम्ही घडीच्या पोळ्या आणि मटकीची उसळ आणली. जेवता जेवता नीता म्हणाली, "आमच्या ऑफिसच्या रस्त्यावर शाळेच्या भिंतीला लागून त्यांचे सात-आठ स्टॉल आहेत. कोपऱ्यावरच्या दीदीला विचार. ती मराठी बोलते, आणि भाव पण कमी करत नाही."

शुक्रवार. ठाणे स्टेशनवरून वागळे इस्टेटला बसही जाते, पण पहिल्यांदा जाणाऱ्याने रिक्षाच करावी, कारण तिथल्या इमारती एकसारख्या दिसतात. खाली लेथ मशीनचा आवाज, जिन्यात ग्रीसचा वास, आणि तिसऱ्या मजल्यावर काचेचा दरवाजा: संस्थेचं ऑफिस. आम्ही नऊ अर्जदार होतो. कार्यक्रम बघणाऱ्या मॅडम साठीच्या असाव्यात, बोलणं अगदी स्वच्छ, पुणेरी. त्यांनी दोन तास फॉर्म समजावला आणि एका कागदापाशी येऊन थांबल्या. ते गोपनीयतेचं वचन होतं. संशोधकाने सही करून मुलाखत देणाऱ्याच्या हातात द्यायचं: तुम्ही जे सांगाल ते तुमच्या परवानगीशिवाय मी कोणालाही सांगणार नाही.

"कोणालाही म्हणजे कोणालाही," मॅडम म्हणाल्या. "घरच्यांनाही नाही. यात लोक चुकतात. वाईट हेतूने नव्हे, मायेने चुकतात."

मी वहीत लिहून घेतलं आणि खाली उतरून मिसळ खाल्ली. रस्सा जपून घ्या, तिथले कामगार खातात त्या बेताचा असतो.

दुपारी कल्याण. स्टेशनच्या पश्चिमेला बाहेर पडून दहा मिनिटं चाललं की तो रस्ता लागतो. बांबूवर ताणलेल्या निळ्या ताडपत्र्या, खाली रंगांची दाटी. कोपऱ्यावरच्या स्टॉलवर डोलमादीदी बसल्या होत्या. साठीला टेकलेल्या, दोन बारीक वेण्या, अंगावर पट्ट्यापट्ट्यांचा एप्रन आणि एक पाय स्टुलावर लांब केलेला. मी माझं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एक ढीग माझ्याकडे सरकवला.

"ये सब एम साइज है. घडी घालायला येते?"

मी संध्याकाळपर्यंत घड्या घातल्या. बाह्या आत, गळा वर. मध्ये गिऱ्हाइकं येत होती. एक बाई म्हणाली, "दीदी, कल्याणला थंडी कुठं असते हो? कशाला येता इकडं?" दीदी म्हणाल्या, "थंडी नाही, म्हणून तर स्वस्त देते." बाई हसली आणि दोन स्वेटर घेऊन गेली.

मग दीदी माझ्याकडे वळल्या. "लिहून काय होणार?"

मी म्हटलं, "माहीत नाही. पण तुम्ही इथं कशा राहता हे कुणी लिहिलेलं नाही, एवढं मी शोधलंय."

"कशी राहते म्हणजे? सुमनकडे राहते." जणू सगळ्या जगाला सुमन माहीत आहे. "उद्या सकाळी आंबिवलीला ये. दुकान दुपारी लावते मी."

शनिवार. कल्याणहून कसारा लाइनवर दोन स्टेशनं, शहाड आणि मग आंबिवली. सकाळी त्या दिशेने गाडी रिकामी असते, खिडकी मिळते, नदी दिसते. स्टेशनबाहेर वडे तळले जात होते. दोन वडे घेऊन मी पत्ता विचारत निघाले. बैठी चाळ, दारापुढे पाण्याची निळी पिंपं, तुळशीऐवजी एका डब्यात पुदिना. दारात सुमनमावशी उभ्या होत्या. वय अडुसष्ट, बांधा काटक, पदर खोचलेला.

"जयभीम. तूच ना ती घड्या घालणारी? ये, बस."

घर दोन खोल्यांचं. पुढची खोली दर हिवाळ्यात डोलमादीदींची. सव्वीस वर्षं. मावशींचे मिस्टर जवळच्या कंपनीत होते. कंपनी बंद झाली, तेव्हा पुढची खोली भाड्याने द्यायचं ठरलं. त्याच आठवड्यात डोलमादीदी, तेव्हा तरुण, पाठीवर गाठोडं घेऊन चाळीत फिरत होत्या. चेहरा बघून कुणी दार उघडत नव्हतं.

"मी म्हटलं, गाठोड्यात काय आहे दाखव," मावशी सांगत होत्या. "तर वरच बुद्धांचा फोटो. मी म्हटलं, अगं, मग तू आपलीच की! मिस्टर म्हणाले, नाव तरी विचार. नाव नंतर विचारलं."

"फोटो बघून हसली पण होतीस," दीदी म्हणाल्या.

"हसणार नाही तर काय? तुमच्या बुद्धांच्या अंगावर एवढं सोनं! आमचे साधे." मावशींनी फळीकडे बोट दाखवलं. पांढरी संगमरवरी मूर्ती आणि शेजारी चौकटीत जरीच्या कापडावरचे सोनेरी बुद्ध. "सकाळी ही तिची मंत्राची माळ घेऊन पुटपुटते आणि मी वंदना म्हणते. ती तुपाचा दिवा, मी मेणबत्ती. त्यांना दोन्ही कळत असेल."

मग मावशी बाजारात गेल्या, मुद्दाम, आम्हाला मोकळं बोलता यावं म्हणून. मी वचनाच्या कागदावर सही करून तो दीदींच्या हातात दिला आणि एकेक ओळ वाचून दाखवली. त्यांनी तो चार घड्या घालून एप्रनच्या खिशात ठेवला.

दोन तास बोलणं झालं. आईवडील डोंगर ओलांडून आले, आधी हिमालयात रस्त्याच्या कामावर खडी फोडली, मग कर्नाटकात मुंडगोडला जमीन मिळाली आणि मका लावला. दीदींचा जन्म तिथलाच. तिबेट त्यांनी कधी पाहिलेला नाही. "कागदावर मी निर्वासित. मी तर कुठून पळालीच नाही," त्या म्हणाल्या, आणि पायाला तेल चोळू लागल्या.

चोळता चोळता थांबल्या.

"ये लास्ट है."

मला आधी कळलंच नाही.

"हा सीझन. डॉक्टर म्हणतो दोन्ही गुडघे बदला. पोरगी बंगळूरला नर्स आहे, ती म्हणते बस आता. पुढल्या साली मी नाही येणार." त्यांनी भिंतीकडे बघितलं. "सुमनला नाही बोलले. दर दिवाळीला ती माझ्यासाठी खोलीला रंग काढते. ह्या वेळी पिवळा काढला. परवा विचारत होती, पुढच्या वर्षी हिरवा काढू का."

"मग कधी सांगणार?"

"घरी जाऊन फोन करेन. समोर नाही जमत मला."

मावशी परतल्या तेव्हा दीदी पुन्हा पायाला तेल चोळत होत्या आणि मी वही बंद केली होती. त्यांनी एकदा दीदींकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. मी निघाले तर म्हणाल्या, "चल, स्टेशनपर्यंत येते."

वाटेत त्यांनी मला पेरूच्या गाडीपाशी थांबवलं. "तिचे पाय बघितलेस? दाराची एक पायरी चढवत नाही तिला. विचारलं की म्हणते, थंडीने दुखतात. आंबिवलीला कसली आलीय थंडी? तुला काय बोलली ती?"

मला वागळे इस्टेटमधलं ते वाक्य आठवलं. मायेने चुकतात.

"मावशी, दीदींनी जे सांगितलं ते कुणालाही सांगणार नाही, असं मी लिहून दिलंय."

"कुणालाही? मला पण?"

"हो."

"सव्वीस वर्षं ती माझ्या घरात राहते. तिला टायफॉइड झाला तेव्हा मी रात्री जागवल्या. आणि तू काल आलीस, घड्या घातल्यास, तर तुला माहीत आणि मला नाही?"

मी पेरूच्या गाडीकडे बघत राहिले. मावशींनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, बराच वेळ. मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "राहू दे. समजलं मला काय समजायचं ते." आणि त्या वळून चालू लागल्या. पेरूवाल्याने दोन पेरू कापून मीठ लावून ठेवले होते. ते मीच घेतले, पण खाल्ले नाहीत.

घरी नीताने काय झालं विचारलं. कोण काय म्हणालं ते मी सांगितलं नाही, फक्त एकीचं गुपित दुसरीने विचारलं आणि मी पेचात पडले, एवढं सांगितलं. ती म्हणाली, "तुझं तोंडच खोटं बोलत नाही, लहानपणापासून. त्या बाईला कळलं असणार." हेच मला खुपत होतं. शब्द पाळला होता, तरी गुपित माझ्याच चेहऱ्यावरून फुटलं होतं. संमतीपत्र आता मागावं कोणत्या तोंडाने?

रविवार. सकाळीच कल्याणला गेले. रविवार म्हणून दीदींनी दुकान लवकर लावलं होतं. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. "मावशींनी विचारलं. मी काही बोलले नाही. पण मी बोलत नाही यावरूनच त्यांना कळलं, असं मला वाटतं. हे तुम्हाला माहीत असायला हवं, म्हणून आले. पत्र नाही दिलंत तरी चालेल."

दीदी रागावल्या. हातातला स्वेटर त्यांनी ढिगावर टाकला. "तू का आलीस? बरं चाललं होतं."

मी तो उचलून घडी घालायला घेतली.

"काल ती जेवली नाही," त्या माझ्या हाताकडे बघत म्हणाल्या. "म्हणाली उपास आहे. काल कुठला उपास?" मग शेजारच्या स्टॉलवरच्या पुतणीला तिबेटीत काहीतरी सांगितलं आणि स्टुलाला हात टेकून उठल्या. पुतणी बघतच राहिली. रविवारी, सीझनमध्ये, भर गिऱ्हाइकीत दीदी दुकान सोडून निघाल्या होत्या.

आम्ही रिक्षा केली. दीदी रस्ताभर माळ ओढत होत्या, ओठ हलत होते. मंत्र होता की जुळवलेलं बोलणं, मी विचारलं नाही.

चाळीत पोचलो तेव्हा मावशी दारात तांदूळ निवडत होत्या. दीदींना त्या वेळी घरी आलेलं बघून त्यांनी सूप खाली ठेवलं. दीदी मला म्हणाल्या, "तू बाहेर बस." दार लोटलं गेलं.

मी पिंपाशेजारच्या पायरीवर बसले. ऊन चढलं होतं. शेजारणीने पाणी आणून दिलं आणि न विचारता निघून गेली. आतून आधी काहीच ऐकू येईना. मग मावशींचा आवाज एकदा वर चढला, शब्द कळले नाहीत. मग इतका वेळ शांतता की मी उठून जाण्याचा विचार केला. मग कुणीतरी नाक शिंकरलं. मग भांडं ठेवल्याचा आवाज, आणि मग, मला खरंच नवल वाटलं, दोघींचं हसू.

आत काय बोलणं झालं मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही.

दार उघडलं. मावशींचे डोळे लाल होते. "अगं, तू उन्हातच बसलीस? डोकं दुखेल. आत ये, भाकरी टाकते."

ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि दीदींची लाल मिरचीची चटणी, जी खाऊन मला ठसका लागला आणि दोघींना मजा वाटली. मावशी दोन भाकऱ्या जेवल्या. दीदींचा पाय त्यांनी स्वतःच्या मांडीवर घेतला होता आणि बोलता बोलता तेल चोळत होत्या, इतक्या जोरात की दीदी ओरडल्या.

"ओरडू नकोस," मावशी म्हणाल्या. "सहा महिने लपवलंस, आता सोस."

मग त्यांनी नातीच्या वहीतलं पान फाडून घेतलं. "ते पत्र काय हवंय तुला, मी लिहिते. हिला मराठी लिहिता येत नाही." सातवीपर्यंत शिकलेलं अक्षर, ठसठशीत. लिहून त्यांनी मोठ्याने वाचलं:

"ही मुलगी आमच्या घरी येऊन आम्हाला विचारू शकते. आमची दोघींची हरकत नाही. जे सांगायचं नाही ते ही सांगत नाही, समोरच्याला राग आला तरी सांगत नाही, हे आम्ही पाहिलं आहे. म्हणून परवानगी आहे."

खाली मावशींची सही. शेजारी दीदींची तिबेटी लिपीत, एखादी वेल काढावी तशी.

सोमवार. नीताच्या टेबलावर बसून अर्ज पुन्हा लिहिला. आधी त्यात नुसते विक्रेते होते, आता खोली देणारेही आले. दुपारी तीनला पाठवला आणि कळंबोलीहून रात्री घरी.

निकाल मार्चमध्ये आला. नाही मिळालं. पत्र सभ्य होतं: विषय चांगला, पण एका घरापुरता आहे, व्याप्ती वाढवून पुढच्या वर्षी यावं. वर्गावर जायचं होतं, म्हणून रडायचं संध्याकाळवर ठेवलं. खरं अवघड होतं ते त्या दोघींना कळवणं. मुंडगोडला फोन लावला, तर दीदी म्हणाल्या, "पहिले साल किसीका नहीं बिकता. माझे पण नव्हते विकले. दुसऱ्या साली जा." मावशींनी आधी संस्थेला नावं ठेवली, मग विचारलं, "माझ्या अक्षरामुळे नाही ना झालं?"

हे सगळं मी दोघींना वाचून दाखवलंय, त्यांनी हो म्हटल्यावरच इथे टाकतेय. आता तुम्ही म्हणाल, मग या सहलीतून हाती काय लागलं? मी यंदा पुन्हा अर्ज करतेय. सातारा, सांगली, कल्याण अशा तीन ठिकाणच्या घरमालकिणी घेतल्यात. गोपनीयतेच्या त्या कागदावर सही करताना आता मी जरा थांबते. आधी ती मला फॉर्मची एक रकाना-भरती वाटायची. एखाद्याचं न बोललेलं आपल्यापाशी ठेवायचं म्हणजे काय ओझं असतं, ते पेरूच्या गाडीपाशी कळलं. तुम्ही कधी डिसेंबरात कल्याणला गेलात तर शाळेच्या भिंतीकडे जरूर जा. कोपऱ्यावर आता दीदींची पुतणी असेल. भाव तीही कमी करत नाही.

ऑगस्टमध्ये मावशींचा फोन आला. दीदींच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. "मी चाललेय मुंडगोडला, तिच्याकडं. पोरगा म्हणतो एकटी कशी जाशील? म्हटलं, ती नव्हती का येत एकटी? कर्नाटकची गाडी कल्याणला थांबते, आणि तुझ्या कराडला पण. तिची पोरगी रजेवर आलीय, ती हुबळीला घ्यायला येणार आहे." मावशी महाराष्ट्राबाहेर पहिल्यांदाच जात होत्या.

कॉलेजात परीक्षा चालू होत्या, सोबत जाता आलं नाही. पहाटे डबा घेऊन कराड स्टेशनवर गेले. गाडी जेमतेम दोन मिनिटं थांबते. मावशी डब्याच्या दारातच उभ्या होत्या, केस नीट विंचरलेले, नवी साडी, पायाशी एक जडशी पिशवी. मी डबा दिला, त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला.

"एवढं काय घेतलंय हो?"

"ज्वारीचं पीठ. सहा किलो, कालच दळून आणलं. तिला माझी भाकरी लागते. तिकडं कुठं मिळायची ज्वारी, काय गं?"

हुबळीकडच्या रानात ज्वारीशिवाय दुसरं काय असतं? गाडी हलली. मी दोन पावलं सोबत चालले.

"बरं केलंत, मावशी," मी म्हटलं.